मोहरीएवढं मर्म

वाढदिवसाला केक वाटायला आणतो ती नऊ इंची कागदी प्लेट घ्या. शंभर मीटरवरच्या एखाद्या झाडाला ती टाचून या. शंभर मीटर म्हणजे क्रिकेटच्या पाच खेळपट्ट्या एकीपुढे एक मांडल्या तर होईल तेवढं अंतर. आता जागेवर येऊन हात पुरता लांब करा, चिमटीत मोहरीचा एक दाणा धरा आणि एक डोळा मिटून पाहा. त्या दाण्याआड अख्खी प्लेट झाकली जाते.

अमेरिकेत हरणाच्या शिकारीला जाणारे कितीतरी लोक हंगामाआधी अशाच कागदी प्लेटांवर नेम घोटवतात. प्लेटच का, याचं उत्तर हरणाच्या छातीत आहे. तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाला, म्हणजे व्हाइटटेलला, बाजूने पाहिलं तर त्याचं हृदय आणि दोन्ही फुप्फुसं मिळून साधारण एवढ्याच वर्तुळात मावतात. शिकारी या जागेला गमतीने ‘बॉयलर रूम’ म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी जुना आणि जास्त नेमका शब्द आहे: मर्म.

गोळी या वर्तुळात बसली तर हरीण काही सेकंदांत संपतं. वीतभर मागे सरकली तर त्याच मरणाला दहा-बारा तास लागू शकतात. शिकारीच्या नीतीबद्दल कितीही मोठी पुस्तकं लिहिली गेली, तरी रानातला प्रश्न एवढाच उरतो: हा दाणा आत्ता, या प्रकाशात, या हाताने टिपता येईल का? येणार नसेल तर चाप ओढायचा नाही.

ऐकायला सोपं आहे. पण हाच निर्णय एका वर्षात साठ लाखांहून जास्त वेळा घेतला जातो, तेव्हा मोहरीचा डोंगर होतो.

दर मिनिटाला अकरा

1900च्या सुमाराला अख्ख्या अमेरिकेत व्हाइटटेल हरणं उरली होती जेमतेम पाच लाख, काहींच्या अंदाजाने त्याहूनही कमी. बाजारात मांस आणि कातडी विकण्यासाठी बेसुमार कत्तल झाली होती. त्याच वर्षी आलेल्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापाराला चाप लावला. पुढे 1937मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा आला आणि शिकारीच्या रायफली आणि काडतुसांवरचा 11 टक्के कर वन्यजीवांच्या कामाकडे वळला. आज तिथे सुमारे तीन कोटी व्हाइटटेल आहेत.

हा प्राणी वाढतो कसा, याचा एक हिशेब मिशिगनमध्ये झाला होता. 1928 साली जॉर्ज रिझर्व्ह नावाच्या कुंपणबंद रानात सहा हरणं सोडली: दोन नर, चार माद्या. सहा वर्षांनी हाकारे घालून मोजणी केली तेव्हा ती 160 भरली. लांडगा आणि प्यूमा बहुतेक राज्यांतून कधीच हटले होते, त्यामुळे हरणांना खाणारं कुणी नव्हतं. न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या मराठी घरांनाही हा गुणाकार माहीत आहे. हौसेने लावलेले गुलाब आणि टोमॅटो रातोरात फस्त होतात. रात्री गाडी चालवताना हेडलाइटच्या झोतात एक दिसलं की मागे दुसरं असणारच, असं गृहीत धरून ब्रेकवर पाय जातो. विमा कंपन्यांच्या अंदाजानुसार हरणांशी होणाऱ्या गाड्यांच्या टकरी तिथे वर्षाला दहा लाखांच्या वर जातात.

म्हणून शिकार. वर्षाकाठी सुमारे साठ लाख व्हाइटटेल शिकाऱ्यांच्या हातून मरतात. प्रत्यक्षात हे बहुतेक सारं शरद आणि हिवाळ्यातल्या काही महिन्यांत घडतं, पण वर्षभर समान वाटलं तर दर मिनिटाला अकरा हरणं. एकट्या विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम उघडतो, तेव्हा साडेपाच लाखांच्या आसपास परवानाधारक भगव्या रंगाची झगझगीत जाकिटं घालून रानात शिरतात. राज्याची लोकसंख्या 59 लाख. त्यात बाहेरून आलेले शिकारीही असतात हे धरलं तरी, दर दहा माणसांमागे जवळजवळ एक शिकारी.

आता या साठ लाखांतला फक्त एक टक्का बाजूला काढा. शंभरात एकाचा नेम चुकला, म्हणजे ‘माणूस आहे, चुकायचंच’ म्हणून आपण सोडून देऊ. पण साठ लाखांचा एक टक्का म्हणजे साठ हजार जनावरं. वानखेडे स्टेडियम दोनदा भरत आलं.

काळीज नेमकं कुठे?

पूर्ण वाढलेला व्हाइटटेल नर साठ-सत्तर किलोंचा, खांद्याशी जेमतेम मीटरभर उंच. थंड उत्तरेकडे तो याहून बराच जड भरतो. मान, डोकं आणि पाय सोडून नुसतं धड धरलं तर बाजूने दिसणारा आकार साधारण मीटरभर लांब आणि पाऊण हात खोल. प्लेटचं क्षेत्रफळ याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास येतं. म्हणजे ‘हरणाला लागली’ असं म्हणताना जे मोठं हरीण डोळ्यांसमोर असतं, त्यातला नव्वद टक्के भाग लागू नये असाच आहे.

हृदय आपल्याला वाटतं त्याहून बरंच खाली असतं. पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या तळापासून वर साधारण एक तृतीयांश उंचीपर्यंत. त्याच्यावर आणि मागे फुप्फुसं. पुढच्या बाजूला फऱ्याचं रुंद हाड. फुप्फुसांच्या मागे पडदा, पडद्यामागे यकृत आणि त्यामागे कोथळा, रवंथ करणाऱ्या जनावराचं चार कप्प्यांचं भलंमोठं पोट. फुप्फुस आणि कोथळा यांच्यात वीतभरसुद्धा अंतर नसतं.

इथे मराठी माणसाची एक गंमत होते. कवितेत आणि भांडणात आपलं ‘काळीज’ हृदयाच्या जागी असतं. काळजाला लागतं, काळीज तुटतं. मटणाच्या दुकानात मात्र काळीज मागितलं की खाटीक यकृत कापून देतो. भाषेला हा घोळ परवडतो, हरणाला परवडत नाही. हृदयात गोळी लागली तर खेळ सेकंदांचा. यकृतात लागली तर रक्त काळपट, संथ वाहतं आणि जनावराला तासन् तास लागू शकतात. चांगले शिकारी अशा वेळी चार ते सहा तास मागावर जातच नाहीत. कोथळ्यात लागली तर आठ ते बारा तास. एकाच शब्दाच्या दोन अर्थांमध्ये एवढं अंतर पडतं.

मग डोक्यातच का मारू नये? सिनेमात तसं करतात. हरणाचा मेंदू छोट्या संत्र्याएवढा, आणि तो अशा डोक्यात बसवलेला की जे क्षणभर स्थिर राहत नाही. कान फिरतो, माशी बसते, मान झटकली जाते. नेम तीन बोटं चुकला तर जबडा फुटतो. जबडा फुटलेलं हरीण त्या दिवशी मरत नाही, पळून जातं आणि पुढे चरता न आल्याने उपाशी मरतं. म्हणून शिकारीच्या प्रशिक्षणात डोकं हे लक्ष्य म्हणून शिकवत नाहीत, टाळायला शिकवतात.

एटीएम कार्डाची जाडी

रायफल साधारण मीटरभर लांब. खांद्याशी टेकलेला दस्ता जागचा हलला नाही आणि नळीचं तोंड फक्त एक मिलिमीटर सरकलं, तर शंभर मीटरवर गोळी किती सरकेल? शाळेतल्या समरूप त्रिकोणांचं गणित आहे: दहा सेंटिमीटर. प्लेटची त्रिज्या साडेअकरा सेंटिमीटर. म्हणजे मधोमध नेम धरलेला असला तरी सगळी सूट एवढीच, एटीएम कार्डाच्या जाडीपेक्षा थोडी जास्त. दोनशे मीटरवर ती निम्मी होते आणि नखाच्या जाडीशी येते. तीनशे मीटरवर तर आपली मोहरी खसखशीच्या दाण्यापेक्षाही लहान झालेली असते.

दुर्बीण लावली की मोहरी फुगून भिजवलेल्या काबुली चण्याएवढी होते, हे खरं. पण नऊपट मोठी करणारी दुर्बीण हाताची थरथरही नऊपट करून दाखवते. छातीत धडधड सुरू झाली की काचेतला काट्याचा छेद हरणाच्या अंगावर नाचायला लागतो. पहिल्यांदा समोर मोठ्या शिंगांचा नर आल्यावर भल्याभल्यांची अशी गाळण उडते. तिला तिकडे ‘बक फीवर’ म्हणतात. ताप नाही, पण अंगात कापरं भरतं. म्हणून जाणते शिकारी हातावर रायफल तोलत नाहीत. फांदी, पाठीवरची पिशवी, मचाणाचा कठडा, काहीतरी टेकू घेतात, अर्धा श्वास सोडतात आणि चाप ओढण्याऐवजी दाबत नेतात.

आता गोळी सुटली. थर्टी-ऑट-सिक्स नावाचं काडतूस 1906पासून अमेरिकन रानांत चालत आलं आहे. त्याची एक सर्वसाधारण गोळी वजनाला दहा ग्रॅमसुद्धा नाही. नळीतून ती सेकंदाला सुमारे 880 मीटर वेगाने बाहेर पडते, आवाजाच्या अडीचपट. नळीच्या आतल्या पीळदार खाचांमुळे तिला गिरकी मिळते. दर दहा इंचांना एक फेरा या नेहमीच्या पिळाने हिशेब केला तर मिनिटाला दोन लाखांहून जास्त फेरे होतात. घरातला मिक्सर ओरडून ओरडून वीस हजारांच्या आसपास जातो. शंभर मीटर कापायला तिला लागतात 0.12 सेकंद. आवाज हरणापर्यंत पोचायच्या आत गोळी पोचलेली असते.

पण पृथ्वी तिलाही ओढतच असते. त्या 0.12 सेकंदांत ती सुमारे सात सेंटिमीटर खाली येते. तीनशे मीटरवर जाईपर्यंत हाच आकडा सत्तर सेंटिमीटरच्या पुढे जातो, हरणाच्या छातीच्या खोलीहून जास्त. दुर्बिणीची जुळणी यातलं बरंच सांभाळून घेते, वारा मात्र जुळणीत बसत नाही. झाडाची पानं सळसळतील एवढा, ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा तीनशे मीटरवर गोळीला वीतभर बाजूला नेतो. फुप्फुस आणि कोथळा यांच्यात वीतभरसुद्धा अंतर नसतं, हे वर आलंच आहे.

आणि जी गोळी कुठेच लागत नाही, तिचं काय? ती चार किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. दादरला शिवाजी पार्कात सुटली तर वरळी ओलांडून जाईल. म्हणून टेकडीच्या माथ्यावर, मागे नुसतं आभाळ असलेल्या हरणावर बार टाकायचा नाही, हा पहिल्या धड्यातला नियम. झुडपात काही हाललं, काही वाजलं म्हणून गोळी सोडायची नाही, हा दुसरा. आपल्याला तो शिकवायला वर्ग लागू नये. शरयूच्या काठी घडा बुडल्याच्या आवाजावर दशरथाने बाण सोडला होता आणि श्रावणबाळ गेला होता.

चेंडूपेक्षा हलका बाण

ताशी 140 किलोमीटर वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत सुमारे 120 ज्यूल ऊर्जा असते. आपल्या दहा ग्रॅमच्या गोळीत नळीच्या तोंडाशी 3,700 ज्यूलहून जास्त, म्हणजे असे तीस चेंडू एकाच वेळी.

आधुनिक कंपाउंड धनुष्यातून सुटलेला, पंचवीस-सव्वीस ग्रॅमचा, सेकंदाला 85 मीटर वेगाचा बाण घ्या. त्याची ऊर्जा भरते 95 ज्यूलच्या आत. चेंडूपेक्षाही कमी! तरीही तो हरणाच्या आरपार जातो आणि नीट बसला तर गोळीइतकंच लवकर संपवतो. कारण तो धक्क्याने मारत नाही. टोकाला वस्तऱ्यासारखी पाती असतात, ती फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या कापत जातात. गोळीला चाळीसपट जोर आहे, पण कोथळ्यात बसली तर तो सगळा जोर वाया. बाणाला जोरच नाही, म्हणून त्याची जागा चुकून चालतच नाही. गोळी फऱ्याचं हाड फोडून आत जाईल, बाण त्याच हाडावर अडेल.

बाणाचा आणखी एक वैरी आहे: आवाज. प्रत्यंचेची टण्णकन वाजलेली धून बाणाच्या चौपट वेगाने जाते. सत्तावीस मीटरवर उभ्या हरणाला ती 0.08 सेकंदांत ऐकू येते. बाण पोचतो 0.32 सेकंदांनी. दचकलेलं हरीण उडी मारायला आधी पाय दुमडून खाली बसतं, स्प्रिंग दाबावी तसं. दचकायला दहावा भाग सेकंद गेला असं धरलं तर उरतात 0.14 सेकंद. तेवढ्यात मोकळं पडणारं शरीर दहा सेंटिमीटर खाली येतं. बाण फुप्फुसांच्या वरच्या टोकाशी का होईना, लागेल. आता तेच हरीण फक्त दहा पावलं लांब, छत्तीस मीटरवर उभं करा. हाती 0.22 सेकंद येतात आणि शरीर चोवीस सेंटिमीटर खाली जातं. अख्खी प्लेट बाणाखालून निघून गेली. धनुष्य तेच, हात तोच, नेम तोच. दहा पावलांनी सगळं बदललं.

हरीण चालत असेल तर? माणसाच्या चालीने, सेकंदाला सव्वा मीटर चाललं तरी बाण हवेत असताना ते चाळीस सेंटिमीटर पुढे सरकतं. हृदयावर धरलेला बाण कोथळ्यात शिरतो. म्हणून मचाणावरचा माणूस धनुष्य ताणून झाल्यावर तोंडाने हलकेच ‘मॅऽऽ’ असा आवाज काढतो. हरीण थबकतं, कान टवकारून पाहतं. ती दोन-तीन सेकंदं सापडली तर ठीक, नाही तर दोरी सावकाश मागे सोडायची.

कुठून आत, कुठून बाहेर

आतापर्यंत आपण हरीण आडवं उभं आहे असं धरलं. तिकडे याला ‘ब्रॉडसाइड’ म्हणतात. खरं हरीण आपल्या सोयीने उभं राहत नाही. त्यातल्या त्यात बरी जागा म्हणजे ते आपल्यापासून तिरकं, पाठ किंचित आपल्याकडे करून उभं असेल ती. मग जाणता माणूस आत शिरायच्या जागेचा विचारच करत नाही. तो पलीकडच्या पुढच्या पायावर नजर ठेवतो: गोळी तिथून बाहेर पडायला हवी, तर अलीकडे कुठून शिरली पाहिजे? नवशिका कातडीवरचा ठिपका पाहतो, मुरलेला कातडीच्या आतला बोगदा.

तेच हरीण आपल्याकडे तोंड करून तिरकं उभं राहिलं की मर्मापुढे फऱ्याचं हाड येतं आणि मागे कोथळा. समोरासमोर आलं तर प्लेट मुठीएवढी होते. पाठमोरं असेल तर मर्म उरतच नाही. मचाणाचीही गोची आहे. सहा मीटर उंचीवर बसलात आणि हरीण बुंध्यापासून सहा मीटरवर आलं तर नेम 45 अंशांनी खाली जातो आणि एकच फुप्फुस हाती लागतं. एका फुप्फुसावरचं हरीण मैलभर जाऊ शकतं. सगळ्यात जवळचं सावज सगळ्यात सोपं असतंच असं नाही.

पन्नास पावलं म्हणजे किती सेकंद

बार झाल्यावर पुढे काय होतं, याची साउथ कॅरोलायनाच्या नैसर्गिक संसाधन विभागातल्या चार्ल्स रूथ या जीवशास्त्रज्ञाने बारकाईने नोंद केली. 603 गोळ्या, 493 हरणं. निम्मी जागच्या जागी पडली. उरलेली 253 पळाली, सरासरी 62 यार्ड. फऱ्यात लागलेली तीन यार्ड गेली. हृदयात लागलेली 39, फुप्फुसात 50, पोटात 69.

हृदय फुटलेलं जनावर 39 यार्ड धावतं, हे वाचून अंगावर काटा येतो. पण आकडा सेकंदांत मांडा. बिथरलेलं व्हाइटटेल ताशी पन्नास किलोमीटर वेगाने पळतं, सेकंदाला जवळजवळ चौदा मीटर. 39 यार्ड म्हणजे 36 मीटर. अडीच-तीन सेकंद. मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर तेवढी धाव निघते आणि संपते. पोटाचे 69 यार्ड मात्र फसवे आहेत. तिथेही जनावर फार लांब जात नाही, कारण वेदनेने झुडपात जाऊन बसतं. मरण तिथे तासांनी येतं.

म्हणून बार झाल्यावर चांगला शिकारी लगेच धावत नाही. हरीण कसं उडालं, कुठल्या झाडाशी दिसेनासं झालं, हे मनात पक्कं करतो आणि घड्याळ पाहतो. मग गोळी लागली त्या जागी वाकून बसतो. पानावर गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर फुप्फुस. अर्ध्या तासाने निघावं. गर्द, काळपट असेल तर यकृत. रक्तात हिरवट पाणी, चघळलेल्या पाल्याचे कण आणि आंबूस वास असेल तर कोथळा, आणि मग त्या दिवसाचा उरलेला वेळ वाट पाहण्यात जाणार. घाई केली तर बसलेलं हरीण उठून पळतं आणि माग कायमचा तुटतो. रूथच्या नोंदीत पळालेल्यांपैकी 61 हरणांनी धड माग ठेवलाच नव्हता, चारातलं एक. तिथे वास काढणारी तरबेज कुत्री होती म्हणून शोध लागला. कुत्री नसती तर?

न सापडलेल्यांची बेरीज

मेरिलंडमधल्या इंडियन हेड या नौदलाच्या तळावर धनुष्याच्या शिकारीची अशीच वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. शिकारी नेमाची परीक्षा देऊन आलेले, प्रत्येक बाणाचा हिशेब देणारे. तरीही बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे 18 टक्के सापडली नाहीत.

हाच दर देशभर लावून पाहू. हा निव्वळ कागदावरचा हिशेब, कारण एका तळावरचा आकडा देशाचा होत नाही. अमेरिकेत दरवर्षी मिळणाऱ्या हरणांतला साधारण चौथा हिस्सा धनुष्याचा, म्हणजे पंधरा लाख. ही सापडलेली 82 टक्के धरली तर बाण लागलेली सव्वाअठरा लाख होतात आणि न सापडलेली तीन लाखांवर. यातली सगळी मरत नाहीत. नुसत्या मांसात लागलेला बाण कित्येकदा भरून येतो, पुढल्या वर्षी तेच हरीण व्रण घेऊन फिरताना दिसतं. पण निम्मी जगली असं मानलं तरी दीड लाख उरतात, आणि ती कुठल्याच सरकारी तक्त्यात येत नाहीत. तक्त्यात फक्त हाती लागलेलं हरीण चढतं.

तिकडच्या रानांतला एक प्राणी आपल्या ओळखीचा आहे. 1932मध्ये टेक्सासमध्ये भारतातलं चितळ आणून सोडलं गेलं. ‘ॲक्सिस डियर’ या नावाने ते तिथे रुजलं, वाढलं, मोकाट झालं. ताडोबात किंवा पेंचमध्ये गाडी थांबवून ज्याच्या ठिपक्यांचे फोटो आपण काढतो, ज्याला मारणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, त्याच चितळाला टेक्सासमध्ये शिकारीचा बंद हंगामच नाही; वर्षाचे 365 दिवस मोकळे. ठिपके तेच, छाती तीच, मर्म तेवढंच. इकडे त्या मर्मावर कायद्याचा पहारा आहे. तिकडे पहारा आहे तो फक्त चापावरच्या बोटाचा.

त्या बोटाचा शेवटचा हिशेब वेळेचा. विस्कॉन्सिनमधला एखादा माणूस नऊ दिवसांतले पाच दिवस, रोज आठ तास मचाणावर बसला तर चाळीस तास होतात. 1,44,000 सेकंद. त्यातला गोळीच्या प्रवासाचा वाटा 0.12 सेकंद, बारा लाखांत एक. बाकी सारा वेळ बोटं गोठवणारी थंडी, थर्मासमधली निवत चाललेली कॉफी आणि पानांवर खारीच्या पावलांचा उगाच मोठा वाटणारा आवाज.

शेवटच्या दिवशी सूर्य मावळून दहा मिनिटं झालेली असतात. कायद्याने अजून दहा मिनिटं उरलेली. झुडपातून नर बाहेर येतो, मोठा, पाच दिवस वाट पाहायला लावलेला. थांबतो. पण तोंड याच्याकडे करून, अंग तिरकं. दुर्बिणीतला छेद फऱ्याच्या हाडावर, त्यामागे अंधारात कुठेतरी मोहरी. तो वळेल म्हणून माणूस श्वास रोखून बसतो. नर एक पाय आपटतो, पुन्हा आपटतो आणि आलेल्या वाटेनेच झुडपात मिसळतो.

माणूस सुरक्षेचा खटका मागे ओढतो. अंधारात एक बारीक ‘टक’ होतं. काडतूस काढून खिशात टाकतो आणि शिडी उतरायला लागतो.